पहाटे वाजवून पाहिलेला पूल

चहाचा कप हातात आला की कल्लाप्पा गवंडी आधी तो नखानं वाजवून बघत. कप तडकलेला असला तर कुणाला काही न म्हणता चहा बशीत ओतून घेत आणि कप बाजूला सारून ठेवत. बेळगावातल्या अनगोळच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं निव्वळ त्यांच्या धाकानं सगळे कप बदलून टाकले, असं तो स्वतःच सांगायचा. कलिंगड, नारळ, एसटीची फळी, बँकेचा काउंटर, समोर आलेली वस्तू वाजवल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. नातीच्या लग्नाच्या बैठकीला गेले तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांच्या नव्या घराची भिंत वाजवली आणि "प्लास्टर सुटलंय ओ ह्यांचं" असं चारचौघांत सांगून टाकलं. लग्न झालं, पण नातीला अजून त्यावरून सासरी ऐकून घ्यावं लागतं.

आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पांना जाऊन आता वर्ष होईल. बेळगावात नवी घरं बांधणारे गवंडी गल्लोगल्ली मिळतात, पण जुनं झिजलेलं काँक्रीट दुरुस्त करून देणारा माणूस विचारला की लोक अनगोळकडे बोट दाखवायचे. गच्ची, टाकी, पूल, कॅनॉलची भिंत, काहीही असो. वरचा पापुद्रा सुटलाय, खडी उघडी पडलीय, हात फिरवला की वाळू हाताला येतेय, अशा काँक्रीटचं मेलेलं तेवढं काढायचं, जिवंत उरलेल्यावर नवा थर चढवायचा, आणि तो थर असा धरला पाहिजे की दहा पावसाळ्यांनी हलू नये. कणकुंबीच्या जंगलात पाण्याची एक टाकी होती. तिथल्या पावसात दर वर्षी तिच्या भिंतीचे पोपडे पडायचे. आप्पांनी एकदा केली, त्यानंतर तिथं कुणाला बोलवावं लागलं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. काम बघायला यायचे ते पहाटे. पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत, रिक्षा, दुधाच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत. चपला काढून बाजूला ठेवायच्या, हातात सळईचा हातभर तुकडा घ्यायचा आणि एका टोकापासून ठोकत निघायचं. ठोके कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. हिशेब कानडीत आणि भांडण मराठीत, असा त्यांचा नियमच होता. काँक्रीट आतनं चांगलं असलं की आवाज खणखणीत येतो, थर सुटलेला असला की बद्द येतो. बद्द आला की खडूनं फुली. सूर्य वर येईस्तोवर गच्चीभर फुल्या पडलेल्या असायच्या आणि घरमालकाचं तोंड उतरलेलं असायचं.

निपाणीतल्या एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर अशाच फुल्या पडल्या. मुलीचा साखरपुडा आठवड्यावर आला होता आणि मांडव गच्चीवर घालायचा होता. मालक म्हणाले, "आप्पा, आता वरनं एक थर मारून द्या. कार्य झालं की बघू पुढचं." आप्पांनी सळई पिशवीत टाकली. म्हणाले, "शेठ, खाली मेलेलं हाय. त्येच्यावर थर दिला तर पावण्यास्नी बरं दिसंल. पर मला म्हाईत असणार न्हवं." आणि चालू लागले. दुसऱ्या कुणीतरी थर मारला, साखरपुडा झाला, आणि पावसाळा संपायच्या आत तो थर पापडासारखा उचलून आला. मालकांनी पुन्हा निरोप धाडला. आप्पा गेले. मागचं एक अक्षर काढलं नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे चपला काढून पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरुवात केली.

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र इथं नाही, लडाखमध्ये. मी सुजाता, निपाणीची, आणि त्या वेळी एका छोट्या ठेकेदाराकडं साईट इंजिनिअर होते. चौदा हजार फुटांच्या आसपास एक गाव होतं, त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. गावाच्या आणि रस्त्याच्या मधे ओढा, ओढ्यावर काँक्रीटचा पायपूल. गावातल्या बायका चारा घेऊन, मुलं दप्तर घेऊन त्याच्यावरून यायची जायची. पूल मजबूत होता, पण त्याची पाठ आणि कठड्याची कड पार खाऊन गेली होती. तिथल्या थंडीचं असं आहे की दिवसा बर्फाचं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि रात्री तिथंच गोठतं. गोठताना फुगतं आणि वरचा पापुद्रा उडवून देतं. दर वर्षी कुणीतरी थर चढवायचं, आणि दर वर्षी मे महिन्यात तो थर ओढ्यात गेलेला असायचा. आमच्या ठेकेदाराला कुणीतरी कणकुंबीच्या टाकीची गोष्ट सांगितली, आणि साठी उलटलेले आप्पा कानटोपी घालून जीपमधून उतरले.

उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं, "बाई, निपाणीत कुठल्या गल्लीच्या तुमी?"

आमच्याकडं हा प्रश्न गल्ली कळावी म्हणून विचारत नाहीत. माझ्या आईनं तंबाखूच्या वखारीत राबून मला शिकवलं, घरी बुद्धवंदना, आणि हा प्रश्न मी कॉलेजपासून ऐकत आले होते. उत्तर तयारच होतं. "भीमनगरची," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "का बरं?"

"भीमनगरची टाकी आतनं म्याच केल्ती. गळतीया काय?"

"नाही."

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि सामान उतरवायला गेले. माझा राग हातात तसाच राहिला. त्या दिवसापासून मी त्यांची सुजाताक्का झाले. वयानं त्यांच्या लेकीहून लहान, तरी आक्काच.

तिथं आप्पांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. आपल्याकडं गवंड्याचा सगळा धर्म म्हणजे पाणी मारणं. नव्या काँक्रीटवर मातीची आळी करायची, पाणी भरून ठेवायचं, गोणपाट ओलं करून टाकायचं. तिथं पाणी भरून ठेवलं तर सकाळी त्याची काच झालेली असते आणि खालचं सगळं मातीत गेलेलं असतं. पहिल्याच दिवशी दोन फूट नमुना करून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःच खरवडून काढला. मग माल कालवायला पाणी स्टोव्हवर कोमट करायला लागले. तान्ह्या पोराला न्हाऊ घालणारी बाई बघते तसं कोपर बुडवून बघायचे. थर चढवला की वर प्लास्टिक, त्याच्यावर ब्लँकेटं. ब्लँकेटं कमी पडली तर स्वतःचं कांबळं आणून टाकायचे आणि आपण दोन स्वेटर चढवून बसायचे. मी ओरडले तर म्हणायचे, "मला थंडी वाजली तर मी सांगतो की, आक्का. त्येला कुठं बोलाया येतंय?"

पुलाच्या पलीकडं पहिलंच घर डोल्माचं होतं. चाळिशीची, अंगानं काटक, नवरा नसलेली बाई. शेळ्या, दोन गाई आणि वरच्या कुरणातला चारा यांच्यावर तिचं चाललं होतं. पाठीवर टोपली घेऊन ती दिवसातून चारदा पूल ओलांडायची. दुपारी आम्हाला खारा चहा आणून द्यायची. पहिल्या दिवशी आप्पांनी तिची लाकडी वाटी नखानं वाजवली तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. दोघांचंही हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळं त्यांचं छान जमायचं. तिसऱ्या कुणाला काही कळत नसे.

एकदा दुपारी टोपली घेऊन जाताना ती कठड्याच्या एका लोखंडी खांबापासून लांबच थांबली आणि त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ये वाला हिलता है."

आप्पांनी खांब हलवून बघितला. हातात फारसं काही जाणवलं नाही. खांबाच्या बुडाशी कड वाजवून बघायला खाली बसले, पण उन्हानं वरचा बर्फ वितळून ओढा असा गर्जत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आप्पा म्हणाले, "कल सुबे देखता." आणि त्यांच्या रीतीप्रमाणं दुसऱ्या दिवशी पहाटे, ओढा गप्प असताना, सगळं सामसूम असताना, त्यांनी त्या खांबाचं बूड वाजवलं. एकदा नाही, ओंदु एरडु करत वीस वेळा वाजवलं. आवाज खणखणीत होता. मी तिथंच होते, मीही ऐकला. त्यांनी फुली मारली नाही. चारा घेऊन डोल्मा आली तेव्हा तिला त्या खांबावर थाप मारून दाखवली आणि म्हणाले, "पक्का है. फिकीर नक्को."

त्या कडेवर आम्ही नवा थर चढवला, ब्लँकेटं घातली, आणि बर्फ पडायच्या आत खाली उतरलो.

पुढच्या जूनमध्ये पुलाच्या पोचरस्त्याचं राहिलेलं काम करायला परत गेलो. आप्पांचा थर सगळीकडं जसाच्या तसा होता. ते गुडघ्यावर बसून त्याच्यावरनं हात फिरवत होते, आणि मी फोटो काढत होते. मग आम्ही पलीकडच्या टोकाशी आलो. तिथं एक खांब नव्हता. त्याच्या जागी तार बांधली होती. बुडाची कड कुणी फावड्यानं उचलावी तशी आख्खी निघून गेली होती, आमच्या नव्या थरासकट.

गावातल्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलं. मे महिन्यात, बर्फ वितळायला लागल्यावर, डोल्मा टोपली टेकवायला त्या खांबाला टेकली. खांब गेला आणि ती त्याच्या मागं गेली. खाली दीड पुरुष खोल दगडच होते. खुबा मोडला. शहरातल्या दवाखान्यात होती, आता तिथंच बहिणीकडं आहे. शेळ्या गाई बहुतेक विकाव्या लागतील. मास्तर म्हणाले, पूर्वी ती त्या खांबापासून लांबून चालायची, गेल्या वर्षापासून मात्र रोज तिथंच टेकायची.

 त्या दुपारी आप्पांनी उरलेले खांब तपासले. ओढ्याच्या आवाजात ऐकू येईना, तेव्हा त्यांनी सळईचं एक टोक काँक्रीटवर टेकवलं, दुसरं दाताखाली धरलं, आणि मला शेजारी हातोडीनं ठोकायला सांगितलं. दातांतनं आवाज डोक्यात जातो म्हणाले. आणखी एका खांबाच्या बुडाशी ते थांबले. "हितं बद्द हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी ठोकलं तर खणखणीत. दुपारी परत बद्द. तीन दिवस त्यांनी हेच केलं. चौथ्या दिवशी माझ्या तंबूत आले आणि खुर्ची दिली तरी खाली बसले.

"आक्का, कळलं. आत चीर हाय. त्यात पाणी हाय. रातच्याला गोठतंय आन चीर भरून काढतंय. पहाटे ठोकलं की बर्फच वाजतंय, काँक्रीट न्हाय. उनात इरघळलं की मग आत पोकळ." मग म्हणाले, "चाळीस वर्सं पहाटे ठोकलो. आपल्याकडं ती चांगली येळ. हितं तीच खोटी."

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं असं नाही. मी शोधलं असतं तर सापडलं असतं. पण मीही बेळगाव-निपाणीचीच, पहाटेची शांतता मलाही बरोबरच वाटली होती.

"तर आता असं लिवा," आप्पा म्हणाले, "कल्लाप्पानं तपासलं, चुकीच्या येळी तपासलं, आन चांगलं हाय म्हणून सांगितलं. आन त्या बाईला मी जाऊन सांगतो."

मी लिहिलं नाही. तुटलेल्या खांबाबद्दलचा माझा अहवाल पहिल्याच दिवशी गेला होता, त्यात 'अतिथंड हवामानामुळे झालेली झीज' असं लिहिलं होतं आणि वरच्यांना ते पसंत पडलं होतं. मी ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला म्हाताऱ्याला गप्प बसव, नाहीतर आपल्या सगळ्यांचं हे शेवटचं काम. मला माझी नोकरी हवी होती. घरातून पहिल्यांदा इंजिनिअर झालेली मुलगी, आई सगळ्या गल्लीला सांगत होती. मी आप्पांना म्हणाले, "आता सांगून तिचं हाड जुळणार आहे का? उलट गाव चिडेल, काम अर्धवट राहील. आधी पूल नीट करू. मग बघू." निपाणीच्या त्या व्यापाऱ्याचंही असंच होतं, पण तेव्हा मला ते आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी काही वेगळं बोलले नसते, हे मला आता कळतं.

आप्पांनी गुडघ्यावर हात टेकले. "तुमी इंजिनेर," म्हणाले आणि उठले. त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही बाजूंची आख्खी कड फोडून काढली, खांब नव्यानं बसवले, भर दुपारी, दातात सळई धरून एकेक बोटभर जागा तपासली. मी त्यांना त्या दोन महिन्यांत चहाचा कप वाजवताना पाहिलं नाही.

बेळगावला आल्यावर त्यांनी काम सोडलं. लोक गच्ची दाखवायला यायचे तर आप्पा म्हणायचे, "माझ्या कानाचं आता खरं न्हाय, दुसरा कोन बगा." कानाला काहीच झालं नव्हतं. त्यांच्या बायकोचा, गंगाक्कांचा, मला फोन आला. आधी प्रकृतीची चौकशी केली, मग म्हणाल्या, "काय केलासा ओ तिकडं नेऊन? न्हेला तसा मानूस परत दिला न्हाईसा."

मी अनगोळला गेले. आप्पा दारात बसले होते. हॉटेलवाला, शेजारी, पोरगा, सून, सगळ्यांना त्यांची ती गोष्ट सांगून झाली होती, आणि सगळ्यांचं त्यांना समजावून झालं होतं. मीही तेच करायला गेले होते. हवामानच तसं, आप्पा, तुमची काय चूक, बर्फ आत आहे हे कुणाला कळणार. आप्पांनी ऐकून घेतलं.

"समदी ह्येच म्हणत्यात," ते म्हणाले. "माझी न्हाय, तुमची न्हाय, ठेकेदाराची न्हाय. मग बाई पडली कशी? ती लांबनं चालत हुती, आक्का. म्या थाप मारून दावली म्हणून टेकाय लागली." मग घरात वळून म्हणाले, "गंगे, च्या ठेव." तो विषय त्या दिवशी तिथंच संपला.

असे दोन उन्हाळे गेले. डोल्मा पडल्याला दोन वर्षं झाली, तेव्हा जूनच्या सुरुवातीला आप्पांचा फोन आला. डोल्मा गावात परत आलीय असं त्यांनी मास्तरांकडून काढून घेतलं होतं. त्यांच्या छातीचं दुखणं तोवर वाढलं होतं, डॉक्टरनं एवढ्या उंचीवर जायला सक्त मनाई केली होती, पोरगा तिकीट काढून द्यायला तयार नव्हता. "तुमी येतासा का?" त्यांनी विचारलं. "न्हाय आलासा तर मी जातोच." मी रजा टाकली. ठेकेदाराची नोकरी सोडून मी तोवर बेळगावातच दुसरीकडं लागले होते. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा जाणं सोपं होतं.

पूल ओलांडताना आप्पा दोनदा थांबले, दम लागला म्हणून. कठड्याला त्यांनी हात लावला नाही. डोल्मा घराच्या ओट्यावर उन्हात लोकर निवडत बसली होती, शेजारी काठी. आप्पांना बघून तिचं तोंड उजळलं. वाटी आणायला उठायला लागली, तर आप्पा म्हणाले, "बैठो. पहले सुनो."

आणि त्यांनी सांगितलं. मोडक्या हिंदीत, काही शब्द मराठीत, एखादा कानडीत. पहाटे ठोकलं ते चुकलं, आत बर्फ होता, तू हिलता है म्हणालीस ते खरं होतं, मी पक्का है म्हणालो ते खोटं निघालं. तुझं हाड माझ्यामुळं मोडलं. काही गाळलं नाही आणि माफी मागताना हातही जोडले नाहीत. डोल्माच्या हातातली लोकर तशीच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि मी तोवर पाहिला नव्हता असा राग तिथं आला.

"दो साल," ती म्हणाली. "दो साल सब बोला, बरफ का काम, भगवान का काम. मेरी बहन बोली मेरा ही पैर फिसला. मैं भी मान गयी." मग विचारलं, "दो साल क्यों लगा?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मेरी गलती," म्हणाले.

मी तिथं चार हातांवर उभी होते. माझं हिंदी चांगलं आहे. मी गप्प राहिले.

डोल्मा काठी टेकत उठली. उठायला वेळ लागला. आप्पा हात द्यायला पुढं झाले तर तिनं तो झटकला, आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही थोडा वेळ ओट्याजवळ उभे राहिलो. दार उघडलं नाही. मग आम्ही परत निघालो.

परतीच्या वाटेवर मी आप्पांना जपत होते, ते खचतील म्हणून. तसं काही झालं नाही. विमानात स्वतःचा आणि माझा असे दोन्ही डबे खाल्ले, पुण्याच्या स्टँडवर वडापाव खाल्ला. मला ते विचित्र वाटलं, थोडा रागही आला. कोगनोळी नाक्यावर ट्रकांच्या रांगेत आमची एसटी अडकली, तेव्हा ते आपण होऊन बोलले.

"लई चिडली न्हवं?"

"हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"न्हाय न्हाय," आप्पा म्हणाले. "बरं वाटलं. एवढ्या मानसास्नी सांगितलं, तिनं एकटीनं माझं खरं मानलं. बाकीच्यांनी म्हातारा म्हणून सोडून दिल्तं मला." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

निपाणी दहाएक मिनिटांवर होतं. मला आईकडं जायला तिथं उतरायचं होतं, त्यांना पुढं बेळगावला जायचं होतं. स्टँडात बस थांबली, मी बॅग काढली, खाली उतरले, आणि मग त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. बस निघायला दोन मिनिटं होती. मला वाटलं आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"आप्पा, ती दोन वर्षं माझ्यामुळं गेली. तुम्ही तेव्हाच सांगणार होता. मी थांबवलं. आणि तिनं विचारलं तेव्हाही मी बोलले नाही."

मी वाट बघत होते. ते म्हणतील, असू दे आक्का, तुमची काय चूक, नोकरीचा प्रश्न हुता. ते ऐकायलाच मी तिथं थांबले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. आप्पांनी खिडकीतून माझ्याकडं नीट बघितलं, रागानं नाही, मायेनंच.

"व्हय," ते म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली आणि बस स्टँडाबाहेर पडली.